ट्रायपॉडचं हेड निवडताना: बॉल, थ्री-वे, गिअर्ड की गिंबल?

मंदशटर

ट्रायपॉड घेताना पायांची चौकशी सगळेच करतात. कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, पायाचे भाग तीन की चार, मधला दांडा हवा की नको. हेडची, म्हणजे पाय आणि कॅमेरा यांना जोडणाऱ्या फिरत्या भागाची, वेळ आली की खोक्यावरचा ‘१५ किलो पेलतं’ असा आकडा बघितला जातो आणि विषय तिथेच संपतो. पण फ्रेम लावताना हात असतो तो हेडवर, आणि लॉक केल्यावर कॅमेरा किंचित खाली बसतो तोही बऱ्याचदा हेडमुळेच. म्हणून हा धागा फक्त हेडसाठी.

किलोच्या आकड्याबद्दल आधी बोलू. तो कसा मोजायचा याची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही. शिवाय हेडवर ताण येतो तो निव्वळ वजनाचा नाही, तर टॉर्कचा, म्हणजे फिरवू पाहणाऱ्या ताकदीचा: वजन गुणिले गुरुत्वमध्याचं बॉलच्या (बॉल हेडमधल्या फिरत्या गोळ्याच्या) केंद्रापासूनचं आडवं अंतर. २ किलोचा संच बॉलच्या बरोबर वर सरळ उभा असेल तर टॉर्क जवळपास शून्य. तोच संच बाजूला पूर्ण आडवा केला आणि गुरुत्वमध्य केंद्रापासून १० सेंमीवर असेल, तर टॉर्क सुमारे २ न्यूटन-मीटर. वजन तेच, पण हेडचं काम पार बदललं. म्हणून छापील आकडा आपल्या संचाच्या वजनाच्या निदान तीन-चार पट असावा, एवढाच त्याचा उपयोग. त्यावरून दोन हेडची तुलना करू नये.

तुलना करायची तर तीन गोष्टींवर करा. लॉक करताना आणि हात सोडल्यावर फ्रेम किती सरकते? लॉक सैल असताना कॅमेरा किती ताब्यात राहतो? आणि तुमच्या कामात एका वेळी एकच अक्ष हलवायचा असतो की सगळे एकदम? हा तिसरा प्रश्न हेडचा प्रकार ठरवतो, पहिले दोन त्या प्रकारातलं चांगलं-वाईट ठरवतात.

निसर्गचित्रण, प्रवास, सर्वसाधारण वापर यांसाठी बॉल हेड (एका गोळ्यावर कॅमेरा सगळीकडे फिरतो). वास्तू, वस्तूंचं चित्रण, कागदपत्रं किंवा चित्रांच्या प्रती काढणं यांसाठी गिअर्ड (प्रत्येक अक्ष दात्यांच्या नॉबने हलतो) किंवा थ्री-वे (प्रत्येक अक्ष वेगळा, दांड्याने आवळायचा). लांब आणि जड लेन्सने हलती वस्तू टिपायला गिंबल (लेन्स अक्षाच्या पातळीत टांगणारं हेड). व्हिडिओला फ्लुइड हेड (हालचाल संथ, सलग ठेवणारं). हे झालं ढोबळ. ज्यांचा ज्यात हात बसला आहे त्यांनी बारकावे लिहावेत.

भिंगरी

मॅक्रोपुरतं लिहिते. बॉल हेडचं सरकणं सगळ्यात आधी इथे उघडं पडतं. फुल फ्रेमवर १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात) चौकटीत मावतो तो ३६ मिमी रुंदीचा भाग. लॉक केल्यावर कॅमेरा १ मिमी खाली बसला तर चौकट तेवढीच खाली जाते, आणि चौकटीची उंची फक्त २४ मिमी असते. त्याहून वाईट फोकसचं. १:१ ला एफ/८ वर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मिमी असते, त्यामुळे किंचित कोन बदलला तरी नेमलेली जागा हातची जाते.

हे का होतं? तीन कारणं एकत्र येतात. नॉब आवळताना आतला जबडा बॉलला एका बाजूने दाबतो, तेव्हा बॉल थोडा फिरतो. मग हात काढला की वजनाने बॉलचा दांडा आणि प्लेटवरचं (प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावायची पट्टी) रबर किंवा कॉर्क दबतं. आणि मधला दांडा वर काढलेला असेल तर तोही वाकतो, त्याचं खापर मात्र हेडवर फुटतं. म्हणून आधी दांडा पूर्ण खाली घ्या, प्लेट जाड रबराची नको, आणि मगच हेडला नावं ठेवा.

बॉल हेडवरच काम भागवायचं असेल तर नॉब आवळताना दुसऱ्या हाताने लेन्सचं वजन उचलून धरा, आणि चौकट हवी त्यापेक्षा केसभर वर लावा. तरीही मॅक्रो नियमित करणाऱ्यांनी गिअर्ड हेडच बघावं. त्यात लॉक करण्याची वेगळी पायरीच नसते, नॉब सोडला की अक्ष आहे तिथे राहतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. गिअर्ड हेडचा अक्ष कॅमेऱ्याच्या खाली असतो, त्यामुळे कोन बदलला की लेन्सची जागाही बदलते. हेड कोनासाठी वापरा, पुढे-मागे सरकायला फोकसिंग रेल (कॅमेरा सरकवायची पट्टी) लावा. क्रमही तोच: आधी कोन, मग रेल.

चौकट

वास्तुचित्रणात बॉल हेडचा त्रास वेगळा आहे. उभ्या रेषा सरळ करायला कॅमेरा पुढे-मागे अर्धा अंश हलवावा लागतो. बॉल सैल केला की तो अर्धा अंश मिळतो, पण आडवा अक्षही हलतो. मग आडवं नीट करायला जावं तर उभं बिघडतं.

थ्री-वे हेडमध्ये अक्ष वेगळे असल्याने हे टळतं आणि ते गिअर्डपेक्षा स्वस्तही पडतं. त्याचे दोष दोन: दांडे लांब असल्याने पिशवीत अडचण होते, आणि दांडा पिळून आवळताना शेवटच्या क्षणी अक्ष किंचित हलतो. त्यासाठी आवळण्याआधी दांड्याचा नेहमीचा ओढा ज्या बाजूला असतो त्याच्या उलट बाजूला थोडी जागा सोडायची. दोन-चार वेळा केलं की अंदाज येतो.

गिअर्डमध्ये मॅनफ्रॉटो ४१० हे बरीच वर्षं वापरात असलेलं मॉडेल. वजन सुमारे १.२ किलो, कंपनीने सांगितलेली क्षमता ५ किलो. प्लेट मात्र कंपनीची स्वतःची आयताकृती, आर्का (आर्का-स्विस) या बऱ्याच कंपन्या वापरतात त्या तिरक्या कडांच्या पद्धतीची नाही. त्यामुळे एल-ब्रॅकेट (आडव्या-उभ्या दोन्ही फ्रेमला चालणारी एल आकाराची प्लेट) वापरणारे बरेच जण त्यावर आर्का क्लॅम्प (प्लेट धरणारी पकड) बसवून घेतात. नवीन हेड घेणाऱ्यांनी मुळातच आर्का क्लॅम्प असलेलं गिअर्ड बघावं, एक जोड कमी होतो. प्रत्येक जोड थोडा लवचीक असतोच.

गिअर्ड हेडमध्ये दात्यांना थोडी ढिलाई असते. नॉब एका दिशेने फिरवून उलट फिरवला की पहिला थोडा भाग नुसता जातो. यावर उपाय सोपा आहे: शेवटची हालचाल नेहमी वजनाच्या विरुद्ध दिशेने करा. लेन्स पुढे जड असेल तर हवं त्यापेक्षा थोडं खाली नेऊन मग वर आणत थांबा, दाते एका बाजूला टेकलेले राहतात. आणि गिअर सोडवायची जी कळ असते ती दाबताना कॅमेरा हाताने धरलेला असलाच पाहिजे, कारण त्या क्षणी त्या अक्षाला कसलाही आधार नसतो.

रानवेध

गिंबलबद्दल. ५०० किंवा ६०० मिमीची लेन्स बॉल हेडवर ठेवली की सगळं वजन अक्षाच्या वर असतं. नॉब सैल होताच लेन्स एका बाजूला कोसळते, बोट चिमटतं, आणि पाय जवळ असतील तर ट्रायपॉडसकट खाली. हल्लीच्या ६०० मिमी एफ/४ लेन्स ३ किलोच्या आसपास आल्या आहेत, जुन्या ५ किलोच्या वर होत्या, पण हा धोका दोन्हींना आहे. गिंबलमध्ये लेन्स अक्षाच्या पातळीत टांगलेली असते, म्हणून तोल साधला की कोणत्याही कोनात सोडा, तिथेच थांबते.

तोल साधण्याचा क्रम असा. लेन्स कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) फुटावरून क्लॅम्पमध्ये बसवा, पॅन (आडवं फिरणं) आवळा, टिल्ट (वर-खाली झुकणं) सैल करा, एक हात लेन्सवर ठेवा. आधी पुढे-मागे: पुढचं टोक खाली जात असेल तर लेन्स मागे सरकवा, आडवी धरून सोडल्यावर स्थिर राहीपर्यंत. मग लेन्स ४५ अंश वर करून सोडा. आणखी वर किंवा मागे पडत गेली तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे, म्हणजे खालचा पाळणा (क्लॅम्प असलेला भाग) आणखी खाली घ्या. उलट लेन्स आपोआप आडवी होऊ लागली तर गुरुत्वमध्य अक्षाच्या खाली आहे, पाळणा वर घ्या. ही दुसरी पायरी अनेक जण करत नाहीत आणि मग गिंबल झटके देतं म्हणून तक्रार करतात. झटका हेडचा नसतो, नीट न साधलेल्या तोलाचा असतो.

कॅमेरा, बॅटरी ग्रिप, टेलिकन्व्हर्टर, हूड यांपैकी काहीही बदललं की तोल पुन्हा साधा. फूट नेमकं कुठे बसतं तिथे पांढऱ्या रंगाची बारीक खूण करून ठेवली की पुढच्या वेळी दहा सेकंदांचं काम राहतं. लांबी वाढणारी झूम लेन्स असेल, उदाहरणार्थ १००-४००, तर सगळ्यात जास्त वापरात असलेल्या लांबीवर तोल साधा आणि टिल्टचं घर्षण थोडं वाढवा.

पाणसळ

प्लेट आणि आटे यांबद्दल, कारण अपघात इथे जास्त होतात.

कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रू १/४ इंच, इंचाला २० आटे. ट्रायपॉड आणि हेड यांच्यातला ३/८ इंच, इंचाला १६ आटे. लहान ट्रायपॉडवर वरही १/४ च असतो. हेडच्या तळाशी ३/८ चं भोक असेल आणि ट्रायपॉडला १/४ चा स्क्रू, तर मध्ये बुशिंग (आत-बाहेर आटे असलेली छोटी कडी) घालावं लागतं. ते चपट्या स्क्रूड्रायव्हरने पृष्ठभागाच्या पातळीत पूर्ण आत बसवा. वर आलेलं बुशिंग हेडला टेकू देत नाही, सगळा भार स्क्रूवर येतो.

आर्का-स्विस पद्धतीच्या प्लेटची रुंदी साधारण ३८ मिमी, कडा ४५ अंशांत तिरक्या. पण याचं अधिकृत मानक नाही, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या प्लेटमध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडू शकतो. नॉबचा क्लॅम्प हा फरक सामावून घेतो, कारण तो हवा तेवढा आवळता येतो. लिव्हर क्लॅम्प ठरावीक रुंदीला पकडतो. लिव्हर पूर्ण बंद झाल्याचा आवाज येतो, दिसतंही बंद, आणि प्लेट मात्र सैल. अनेक कंपन्यांच्या प्लेट वापरायच्या असतील तर नॉबचाच क्लॅम्प घ्या. लिव्हर आवडत असेल तर जुळवून घेता येणारा घ्या आणि प्रत्येक प्लेट एकदा कॅमेऱ्याशिवाय लावून, पिळून, ओढून तपासा.

प्लेटच्या दोन टोकांना छोटे स्क्रू येतात. ते काढून टाकू नका. क्लॅम्प किंचित सैल झाला तर प्लेट घसरून बाहेर पडू नये म्हणून ते आहेत. क्लॅम्पमध्येही त्यांच्यासाठी खाच आहे का ते घेतानाच बघा. काही क्लॅम्पमध्ये ती नसते, मग प्लेट नीट बसतच नाही आणि लोक स्क्रू काढतात.

जाईजुई

उभ्या फ्रेमसाठी बॉल हेडच्या बाजूची, कॅमेरा आडवा पाडायची खाच आहेच की. मग एल-ब्रॅकेटवर वेगळा खर्च का करायचा?

पाणसळ

जाईजुई, खाचेत पाडल्यावर दोन गोष्टी होतात. सगळं वजन ट्रायपॉडच्या मध्यावरून बाजूला जातं. खाच एखाद्या पायाच्या बरोबर वर आणली नसेल तर ट्रायपॉड कलंडायला वेळ लागत नाही. दुसरं, कॅमेरा आता एका स्क्रूवर आडवा लटकलेला असतो. लेन्स जड असेल तर कॅमेरा त्या स्क्रूभोवती हळूहळू फिरतो आणि चौकट खाली झुकते. बॉल कितीही आवळा, फिरणं प्लेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये आहे.

एल-ब्रॅकेट कॅमेऱ्याच्या अंगाला घट्ट बसतं, म्हणून फिरत नाही, आणि उभी फ्रेमही बॉलच्या बरोबर वर राहते. ब्रॅकेट तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेलं घ्या. सगळ्यांना बसणारं म्हणून मिळतं त्यात बॅटरीचं दार किंवा केबलची जागा झाकली जाते. एल-ब्रॅकेट नको असेल तर निदान मागे कड असलेली प्लेट घ्या, ती कॅमेऱ्याला फिरू देत नाही. कॉलर असलेल्या लेन्सला यातलं काहीच लागत नाही, कॉलर सैल करून फिरवली की झालं.

कडेकपार

पॅनोरमा. नेहमीच्या बॉल हेडचा फिरणारा बेस बॉलच्या खाली असतो. पाय वाकडेतिकडे लावून बॉलने कॅमेरा आडवा केला आणि बेस फिरवला, तर पहिली फ्रेम सरळ येते आणि पुढच्या फ्रेममध्ये क्षितिज चढत किंवा उतरत जातं. यावर तीन उपाय: पाय कमीजास्त करून बेसच समपातळीत आणणं, हेडखाली लेव्हलिंग बेस (हेड समपातळीत आणणारा तळ) बसवणं, किंवा बॉलच्या वर फिरणारा क्लॅम्प घेणं. तिसरा सगळ्यात सुटसुटीत. बॉलने क्लॅम्प समपातळीत आणा आणि फक्त वरचा क्लॅम्प फिरवा.

जवळ काही नसेल, नुसते डोंगर असतील, तर एवढं पुरतं. जवळ कठडा, झाड, खोलीतलं सामान असेल तर लेन्सचं एन्ट्रन्स प्युपिल (लेन्समध्ये पुढून बघितल्यावर दिसणारं छिद्र) फिरण्याच्या अक्षावर आणावं लागतं, नाहीतर जोड जुळत नाहीत. त्यासाठी सरकती रेल लागते. एक उभी वस्तू मीटरभर अंतरावर आणि एक बरीच लांब, अशा एका रेषेत धरा. कॅमेरा उजवीकडे फिरवा. जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा रेलवर मागे घ्या, उजवीकडे सरकली तर पुढे. सरकणं थांबलं की रेलवरचा आकडा टिपून ठेवा. झूम लेन्सचा हा आकडा प्रत्येक लांबीला वेगळा येतो.

फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स उभी धरली तर आडवा कोन ५३ अंशांचा. दर ३० अंशांवर अडणारा बेस असेल तर पूर्ण वर्तुळाला १२ फ्रेम आणि सुमारे ४३ टक्के आच्छादन मिळतं. ३६ अंशांवर १० फ्रेम आणि ३२ टक्के. दोन्ही चालतात, पण माझ्या मते जवळच्या वस्तू असतील तेव्हा १२ च घ्याव्यात.

ध्रुवतारा

रात्रीच्या आकाशासाठी दोन मुद्दे. थ्री-वे हेड बहुधा खाली ९० अंश झुकतं, पण वर तीसेक अंशांवर दांडा अडतो. डोक्यावरचं आकाश हवं असेल तर कॅमेरा हेडवर उलटा बसवा, लेन्स दांड्याच्या बाजूला. मग हेडचं ‘खाली’ म्हणजे तुमचं ‘वर’. बॉल हेडवर खाच कॅमेऱ्याच्या पाठीमागे येईल असा बेस फिरवा आणि कॅमेरा मागे पाडा.

स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) वापरत असाल तर ट्रॅकरच्या खाली बॉल हेड नको. ध्रुवाशी अक्ष जुळवताना उंची आणि दिशा वेगवेगळी बारीक हलवावी लागते, त्यासाठी वेज (कोन बारीक बदलता येणारा तळ) किंवा गिअर्ड बेसच हवा. ट्रॅकरच्या वर कॅमेऱ्यासाठी बॉल हेड ठीक आहे. मात्र चौकट लावून झाली की अक्ष पुन्हा तपासा, बॉल आवळताना तो हललेला असू शकतो.

जाईजुई

पॅन करताना कधी कधी हेडच ट्रायपॉडवरून सैल होतं. हा कशाचा दोष?

मंदशटर

दोष आट्यांच्या दिशेचा. पॅनचा नॉब आवळलेला असताना कॅमेरा डावीकडे ढकलला की संपूर्ण हेड स्क्रूवरून उलटं फिरतं. बहुतेक चांगल्या ट्रायपॉडच्या वरच्या चकतीत खालून एक किंवा तीन छोटे ग्रब स्क्रू असतात. आधी हेड हाताने घट्ट बसवा, मग अ‍ॅलन कीने ते स्क्रू हेडच्या तळाला टेकेपर्यंत आणि वर थोडे, एवढेच आवळा. हेड काढताना ते आधी सैल करायला विसरू नका, नाहीतर तळ खरवडला जातो. हेडचा तळ चकतीपेक्षा लहान असेल तर हे स्क्रू हेडला लागतच नाहीत, म्हणून दोन्हींचे व्यास घेण्याआधी जुळवून बघा.

बॉलबद्दल विचारायच्या आधीच सांगतो: बॉलवर तेल किंवा ग्रीस घालू नका. तो घर्षणावरच थांबतो. धूळ-वाळू लागली तर आधी फुंकर किंवा ब्लोअर, मग कोरडं कापड. पुसायच्या आधी वाळू उडवली नाही तर बॉलवर ओरखडे पडतात आणि तिथे तो कायमचा अडखळतो. खाऱ्या पाण्याजवळ वापरल्यावर गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग पूर्ण कोरडं करणं.

रानवेध

मंदशटर, दुकानात हेड हातात घेतल्यावर तपासायचं कसं तेही लिहा. एवढं वाचून शेवटी लोक नॉब फिरवून बघतात आणि घेतात.

मंदशटर

स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात लांब लेन्स घेऊन जा. बॉल हेड असेल तर आधी घर्षणाचा नॉब लावा: मुख्य नॉब पूर्ण सैल, कॅमेरा हातात धरलेला, आणि घर्षण इतकं वाढवा की हाताने ढकलल्यावर कॅमेरा फिरेल पण सोडल्यावर पडणार नाही. हे जमत नसेल, म्हणजे घर्षण वाढवल्यावर बॉल झटक्याने सुटत असेल, तर ते हेड सोडून द्या. घर्षणाचा वेगळा नॉब नसलेलं हेड मी तरी कुणाला सुचवणार नाही.

मग लाइव्ह व्ह्यू १० पट मोठं करून दूरची एक खूण मध्यावर आणा, मुख्य नॉब आवळा, हात सोडा. खूण किती सरकली ते बघा. त्यानंतर लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते बघा. शेवटी कॅमेरा आडवा पाडून हेच सगळं पुन्हा. ज्यांना आकडा हवा त्यांनी कॅमेऱ्यावर लेझर पॉइंटर बांधून १० मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाहावा. ठिपका १ मिमी सरकला तर २०० मिमी लेन्सच्या सेन्सरवर ०.०२ मिमी सरकलं, म्हणजे ४ मायक्रॉनच्या पिक्सेलचे ५ पिक्सेल.

जाईजुई

माझं काम मिसळ आहे: निसर्गचित्रण जास्त, थोडा मॅक्रो, आणि १००-४०० ने पक्षी. एकच हेड घ्यायचं तर?

भिंगरी

४० ते ४४ मिमी बॉलचं हेड, घर्षण आणि पॅनचे नॉब वेगळे, नॉबचा आर्का क्लॅम्प. मॅक्रोसाठी सोबत रेल.

रानवेध

सहमत. १००-४०० आणि कॅमेरा मिळून दोन-अडीच किलोच्या आसपास जातात, तेवढ्यासाठी गिंबल आवश्यक नाही. लेन्स कॉलरवरूनच लावा आणि घर्षण निसर्गचित्रणापेक्षा थोडं जास्त ठेवा. उडते पक्षी टिपायचे असतील तर मात्र बॉल हेडने समाधान होणार नाही, तेव्हा गिंबल वेगळं घ्या.

चौकट

मी वेगळं सांगेन. पक्षी हातात धरूनही टिपता येतात, १००-४०० त्या वजनाची आहे. मग ट्रायपॉडवर उरतं निसर्गचित्रण आणि मॅक्रो, आणि या दोन्हींत आर्का क्लॅम्पचं हलकं गिअर्ड हेड बॉलपेक्षा सरस ठरतं. चढावर पाठीवर न्यायचं असेल तरच वजनाचा विचार करून बॉल घ्या.

जाईजुई

चढ आहेच, त्यामुळे बॉल. वापरलेलं मिळतंय, त्यात काय बघू?

पाणसळ

बॉल सगळ्या दिशांना सावकाश फिरवा, कुठे अडखळतो का बघा. मुख्य नॉब सैल ते घट्ट हा प्रवास साधारण अर्ध्या फेरीत संपायला हवा. शेवटपर्यंत फिरवूनही दांडा हाताने हलत असेल तर आतला जबडा झिजला आहे. पॅन आवळून क्लॅम्प धरून डुलवा, बेसमध्ये खडखड नको. क्लॅम्पच्या दोन्ही कडांवर बोट फिरवा, पोचा लागला तर तिथे प्लेट पूर्ण टेकत नाही. आणि तुमची स्वतःची प्लेट सोबत न्या, विकणाऱ्याच्या प्लेटवर तपासून उपयोग नाही.